'बँक' या शब्दात कोण मोडते?

शेअरबाजाराच्या गप्पांना साहित्यिक वर्तुळात हावरटपणा समजतात. आम्हाला हा आळस वाटतो. किरकोळ गुंतवणूकदार बँकेच्या शेअरविषयी बोलताना ताळेबंदापेक्षा दिल्लीचे राजकारणच अधिक वाचतात, आणि अखेरीस एका वाक्यावर विसावतात: 'सरकार बँक बुडू देणार नाही.' वाक्य खोटे नव्हेच! मार्च २०२० मध्ये येस बँक वाचवली गेली. ठेवी शाबूत राहिल्या. पण दीड वर्षापूर्वी ४०० रुपयांच्या आसपास असलेला शेअर स्टेट बँकेला १० रुपयांना मिळाला, आणि शंभराहून अधिक शेअर बाळगणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. त्या वाक्यातल्या 'बँक' या शब्दात ठेवीदार मोडतो, भागधारक मोडत नाही. अर्थच्छटांवर तासन्‌तास व्याख्याने देणारे आम्ही हे कोणाला सांगायला गेलो होतो?