तेजी कुणाची, किंमत कुणाची?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी २६ जणांना ठार केले. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' झाले आणि १० मे रोजी गोळीबार थांबला. त्या तीन आठवड्यांत आपल्या घरांतून दोन प्रकारचे बोलणे एकाच वेळी चालू होते. एक भीतीचे: युद्ध पेटेल का, सीमेवरच्या गावांचे काय, सैन्यात असलेल्या मुलाचा फोन का लागत नाही. दुसरे हिशेबाचे: एचएएल घ्यावा की बीईएल, माझगाव डॉक अजून किती चढेल. मे महिन्यात संरक्षण कंपन्यांचे शेअर खरोखरच जोरात वर गेले. त्या दिवसांत ज्यांनी घेतले नाहीत त्यांना आपण काहीतरी गमावले असे वाटत राहिले.

स्त्रियांच्या नियतकालिकाने शेअर बाजारावर का लिहावे, असे काही जणींना वाटेल. कारण सरळ आहे. देशात आज चार गुंतवणूकदारांमागे साधारण एक स्त्री आहे आणि गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र पहिला आहे. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कर्मचारी, निवृत्त झालेल्या बायका एफ.डी.चे व्याज पुरेना म्हणून म्युच्युअल फंडाकडे आणि तिथून शेअरकडे वळल्या आहेत. स्वतःच्या पैशाचा निर्णय स्वतः घेणे ही आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे. तेव्हा 'संरक्षणाचे शेअर घ्यावेत का?' हा प्रश्न बैठकीत कुणी विचारला, तर त्याला उत्तर दिले पाहिजे.

या प्रश्नाला दोन झटपट उत्तरे मिळतात. पहिले: 'घ्या, पैसाही मिळेल आणि देशसेवाही होईल.' दुसरे: 'हा रक्ताचा पैसा, त्याला शिवू नका.' ही दोन्ही उत्तरे आम्हाला पटत नाहीत, कारण दोन्हींमुळे विचार थांबतो.

आधी देशसेवेचे पाहू. बाजारात आपण जो शेअर घेतो तो आधीच कुणाच्या तरी मालकीचा असतो. आपले पैसे त्या विकणाऱ्याला जातात. त्यातला एक रुपयाही सैनिकाच्या बुटाला, जॅकेटला किंवा त्याच्या विधवेच्या पेन्शनला जात नाही. सरकार स्वतःचा हिस्सा विकते तेव्हा पैसा तिजोरीत जातो, कंपनी नवे शेअर काढते तेव्हा कंपनीकडे जातो. एरवी हा दोन गुंतवणूकदारांमधला सौदा आहे. तो करायचा तर जरूर करावा, पण त्याला देशभक्तीचे नाव देऊ नये.

दुसरे उत्तर ऐकायला स्वच्छ वाटते. पण आपण कर भरतो, त्यातून तोफा घेतल्या जातात. आयुर्विम्याचा हप्ता भरतो, आणि एल.आय.सी.कडे एचएएलचे शेअर आहेत. साध्या इंडेक्स फंडातही अशा कंपन्या असतात. 'मी घेतला नाही' एवढ्याने कुणाचे हात या व्यवहारापासून पूर्ण मोकळे होत नाहीत. शिवाय देशाला संरक्षण लागते हे आपणही नाकारत नाही. म्हणून प्रश्न थोडा खाली उतरून, हिशेबापासून पाहिला पाहिजे.

'तणाव वाढला की संरक्षणाचे शेअर चढतात' हे वाक्य आता म्हणीसारखे झाले आहे. ते किती खरे आहे? एचएएलचा शेअर मार्च २०१८ मध्ये विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी विक्रीच्या भावाच्या खाली गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा आणि बालाकोट झाले, तेव्हाही तो त्या भावाच्या बराच खाली होता. जून २०२० मध्ये गलवान झाले, तरी खालीच. त्याच ऑगस्टमध्ये सरकारने आपला आणखी हिस्सा विकला तेव्हा किमान किंमत ठेवली १००१ रुपये. सीमेवर तणाव भरपूर होता, पण शेअर हलला नाही. तो पुढे वाढला तो देशी खरेदीचे धोरण आले आणि मोठ्या ऑर्डरी मिळाल्या तेव्हा. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस विमानांचा करार झाला, हे त्यातले ठळक उदाहरण.

आता उलट बाजू. याच कंपनीचा शेअर (मध्यंतरी एकाचे दोन झालेला) जुलै २०२४ मध्ये साडेपाच हजारांच्या वर गेला होता. मार्च २०२५ च्या सुरुवातीला तो तीन हजारांच्या आसपास आला. ऑर्डरी होत्या, पण अमेरिकेहून यायची इंजिने वेळेवर येत नव्हती आणि विमाने हवाई दलाला मिळत नव्हती. मे २०२५ मध्ये प्रत्यक्ष लढाई झाली आणि भाव पाच हजारांच्या पुढे गेला, तरी जुलै २०२४ चे शिखर काही त्याने गाठले नाही. म्हणजे ज्या बाईने आदल्या वर्षी सगळे बोलत होते तेव्हा घेतला, तिला लढाई होऊनही नफा झाला नाही. चीनच्या जे-१० विमानांच्या कंपनीचेही तेच. मे २०२५ मध्ये तिचा शेअर काही दिवसांत उसळला आणि शस्त्रसंधीनंतर काही दिवसांतच घसरला. घाईने उडी मारणारे तिकडेही फसले.

आपल्याला मात्र नेहमी माझगाव डॉकची गोष्ट सांगितली जाते. २०२० साली १४५ रुपयांना मिळालेला शेअर, एकाचे दोन होऊन, मे २०२५ मध्ये प्रत्येकी तीन हजारांच्या वर गेला. गोष्ट खरी आहे. पण ते शेअर ज्यांनी घेतले त्यांनी २०२० साली, शांतपणे घेतले. बातम्या पाहून रात्री ठरवून सकाळी घेतले नाहीत. या कंपन्यांचा मुख्य गिऱ्हाईक एकच, म्हणजे सरकार. तो ऑर्डर कधी देईल, पैसे कधी देईल, माल कधी घेईल, हे तुम्हा-आम्हाला कळत नाही. जे कळते ते दूरदर्शनच्या वाहिन्यांवरून, आणि तोवर भावात ते धरलेले असते. मुलीच्या शिक्षणाचा किंवा म्हातारपणाचा पैसा एका गिऱ्हाइकावर चालणाऱ्या एका क्षेत्रात घालणे हे तणाव असो वा नसो, धोक्याचेच.

आणि निर्णय कुणाचा, हेही पाहायला हवे. पुष्कळ घरांत डिमॅट खाते बायकोच्या नावावर असते. ओ.टी.पी. तिच्या फोनवर येतो आणि ती तो वाचून दाखवते. शेअर कोणते, केव्हा घेतले, तिला माहीत नसते. नवऱ्याने आपल्या पैशातून बायकोच्या नावे गुंतवणूक केली तर तिचे उत्पन्न नवऱ्याचेच धरायचे, असा प्राप्तिकराचा नियम आहे. नाव एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची असू शकते हे कायद्यालाही ठाऊक आहे. तोटा झाला की मात्र तो तिच्या नावावर राहतो. तेजीच्या दिवसांत घरातले दागिने गहाण पडतात ते असेच.

इथवरचा हिशेब कुठलाही शहाणा सल्लागार सांगेल. पण शेअरच्या भावात न येणारी एक बाजू आहे. ती सांगणे आमचे काम आहे.

१७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या बाजारगाव इथे सोलार इंडस्ट्रीज कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. ही कंपनी खाणींसाठी स्फोटके आणि सैन्यासाठी दारूगोळा अशी दोन्ही कामे करते. स्फोट झाला तो बूस्टर तयार करण्याच्या विभागात, पॅकिंग चालू असताना. नऊ कामगार मेले. त्यांतल्या सहा स्त्रिया होत्या. सहा महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, जवळच्याच धामणा गावी दुसऱ्या एका स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथेही मेलेल्यांत तरुण मुलीच अधिक होत्या. पॅकिंग म्हणजे बसून करायचे, नाजूक हातांचे, बायकांचे काम असे सगळीकडे समजले जाते. कामाचा दर त्या समजुतीवर ठरतो. स्फोटकांच्या कारखान्यात मात्र तेच काम मरणाच्या सर्वांत जवळचे असू शकते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलारच्या उपकंपनीला पिनाका रॉकेटांची सहा हजार कोटींहून मोठी ऑर्डर मिळाली. बाजारगावच्या स्फोटानंतर दीड वर्षात त्या शेअरचा भाव दुपटीहून अधिक झाला. या दोन गोष्टी एकमेकींमुळे घडल्या असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की पहिल्या घटनेची दुसरीवर काही खूण दिसत नाही. स्फोट झाला की बाजार दोनच गोष्टी विचारतो: उत्पादन किती दिवस बंद राहील, आणि विमा आहे का. किती बायका गेल्या, हा प्रश्न त्या यादीत नसतो.

कारखाने सरकारच्या हाती असते तर हे झाले नसते का? शस्त्रांचा नफा आणि स्त्रियांची चळवळ यांचे नाते जुने आहे. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, एप्रिल १९१५ अखेरीस, बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया हेग शहरात जमल्या. ब्रिटनमधल्या बहुतेकींना समुद्र ओलांडता आला नाही. जेन अॅडम्स अध्यक्ष होत्या. शस्त्रकारखान्यांतला खाजगी नफा हा युद्ध संपवण्यातला मोठा अडथळा आहे, म्हणून शस्त्रनिर्मिती सरकारांनी ताब्यात घ्यावी, असा ठराव त्या परिषदेत झाला. मतदानाचा हक्कही बहुतेकींना नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पुढे १९३४ ते ३६ या काळात अमेरिकी सिनेटच्या नाय समितीने शस्त्रव्यापाऱ्यांच्या नफ्याची चौकशी केली, तीही स्त्रियांच्या शांतता संघटनेने धरलेल्या आग्रहामुळे.

आपल्याकडे हेगच्या बायकांची मागणी एका अर्थी अमलात होती. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारकडे राखून ठेवली. २००१ मध्ये ती खाजगी कंपन्यांना खुली झाली. २०१८ पासून सरकारी संरक्षण कंपन्या एकामागून एक बाजारात आल्या. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या आणि कामगारांनी विरोध करू नये म्हणून वटहुकूम काढून संपावर बंदी घातली. पण सरकारी मालकी म्हणजे कामगाराचा जीव सुरक्षित, असेही नाही. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. मालक कोण हे महत्त्वाचे आहेच, पण त्याहून महत्त्वाचे आहे त्याला प्रश्न कोण विचारतो ते.

शेअर घेणारी बाई लढाई लावू शकत नाही, हे आम्हालाही कळते. तिच्या दहा-वीस शेअरने जगाच्या राजकारणात काही हलत नाही. पण तिच्यात मात्र काहीतरी हलते. शस्त्रसंधीची बातमी आली की इतर सगळ्या सुटकेचा श्वास सोडतात आणि ती मोबाइलवर भाव पाहते. तहाची बोलणी यशस्वी झाली तर तिचे नुकसान होणार असते. भीती आणि आशा यांची अशी अदलाबदल होणे ही आम्हाला या व्यवहारातली सर्वांत मोठी किंमत वाटते. सिंदूर या शब्दावर त्या मे महिन्यात केवढी भाषणे झाली. ज्यांचे कुंकू खरोखर पुसले गेले त्यांच्या दुःखाचा आणि आपल्या तेजीचा काळ एकच असावा, हे आपल्याला टोचले पाहिजे.

सरकारच्या खर्चाचेही तसेच. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी होते, महिला व बालविकास खात्याला सुमारे २६ हजार ९०० कोटी. संरक्षणाच्या रकमेत जवानांच्या विधवांचे पेन्शनही येते, हे लक्षात ठेवूनच आम्ही ही तुलना करतो. बाजारगावात स्फोट झाला त्याच डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका मानधनवाढीसाठी संपावर होत्या. केंद्राने आपला मानधनाचा हिस्सा त्याआधी २०१८ साली वाढवला होता. कुणाची ऑर्डर वाढते आणि कुणाचे मानधन थांबते, हा राजकीय निर्णय असतो. शेअरचा भाव त्याची पावती असते.

तेव्हा मैत्रिणींनो, करायचे काय? आमचे म्हणणे असे आहे. लढाईच्या बातम्या चालू असताना कुठलाही शेअर घेऊ नका. कुणी वाहिनीवरून, कुणी शेजारून, कुणी घरातून घाई केली तरी नाही. आपल्या नावावर काय आहे ते आधी स्वतः पाहा. फंड असेल तर त्यात कोणत्या कंपन्या आहेत त्याची यादी दर महिन्याला मिळते, ती वाचा. विचार करून नको वाटले तर बाहेर पडा, त्यासाठी कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. आणि ज्यांच्याकडे असे शेअर आहेत व ठेवायचे आहेत, त्यांनी भागधारकाचा हक्क वापरावा. एक शेअर असला तरी वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो. या सभा आता घरबसल्या फोनवरूनही होतात. कारखान्यात किती स्त्रिया आहेत, किती कायम आणि किती कंत्राटी, गेल्या वर्षी किती अपघात झाले, भरपाई किती आणि केव्हा दिली, माल कोणत्या देशाला जातो, हे विचारा. लाभांशाचा आकडा त्यांना पाठ असतो. हेही आकडे पाठ करावे लागतील, एवढे तरी आपण करू शकतो.

आमच्यापुरते सांगायचे तर, तणावातून कमाई करण्याचा सल्ला या पानांवरून दिला जाणार नाही. बचत करावी, पैशावर आपली सही आणि आपलाच निर्णय असावा, हे आम्ही सांगत आलो आणि सांगत राहू. पण दोन देशांमध्ये बोलणी सुरू झाली ही बातमी ज्या बाईला मनापासून आनंदाने ऐकता येते, तिची बचत आम्हाला जास्त सुरक्षित वाटते.

— संपादक मंडळ