बदली खेळाडू मिळाल्या नाहीत

१५ मार्च २०१७ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला आइस हॉकी संघातील खेळाडूंनी एक निवेदन प्रसिद्ध केले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अवघ्या सोळा दिवसांवर आली होती. स्पर्धा त्यांच्याच देशात, मिशिगन राज्यातील प्लिमथ येथे व्हायची होती, आणि त्या गतविजेत्या होत्या. असे असूनही, मानधन आणि सोयी यांविषयी वर्षाहून अधिक काळ रेंगाळलेल्या वाटाघाटींत प्रगती झाली नाही तर आपण स्पर्धेत उतरणार नाही, असे त्यांनी राष्ट्रीय हॉकी महासंघाला कळविले. कर्णधार मेगन डग्गन आणि तिच्या सहकारी यांनी या कृतीला ‘बहिष्कार’ म्हटले. आपल्या परिभाषेत तो संप होता.

या संपाकडे श्रीमंत देशातील एक किरकोळ कौटुंबिक भांडण म्हणून पाहण्याची चूक आपण करू नये. जिथे कामगाराला कामगार म्हणण्याचीच चोरी आहे, तिथे संघटना कशी उभी राहते आणि कशाच्या बळावर टिकते, याचा तो एक स्वच्छ धडा आहे.

आधी मागण्यांचे स्वरूप पाहू. खेळाडूंच्या सांगण्यानुसार महासंघ त्यांना चार वर्षांच्या काळात ऑलिंपिकच्या आसपासचे सहा महिने तेवढे दरमहा एक हजार डॉलर देत असे. उरलेली साडेतीन वर्षे सराव मात्र अखंड चालू ठेवायचा. त्यामुळे अनेकींना पोटासाठी दुसरी नोकरी करून पहाटे किंवा रात्री सराव करावा लागे. प्रवास, निवास, विमा आणि दैनिक भत्ता यांत पुरुष संघाला एक न्याय आणि महिला संघाला दुसरा. मुलग्यांच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमावर महासंघ दरवर्षी सुमारे पस्तीस लाख डॉलर खर्च करतो आणि मुलींसाठी तसा कार्यक्रमच नाही, हाही त्यांचा आक्षेप होता. ऑलिंपिक खेळांच्या राष्ट्रीय संस्थांनी स्त्रियांना समान साहाय्य दिले पाहिजे, असे अमेरिकेचा १९७८ चा कायदा सांगतो. मागणी होती ती त्या कायद्याच्या अंमलबजावणीची.

महासंघाची बाजूही ऐकली पाहिजे. खेळाडूंना नोकरीवर ठेवणे हे आमचे कामच नव्हे, असे त्याने सांगितले. प्रशिक्षणाचे साहाय्य आणि पदकांवरील बक्षिसे यांची बेरीज करून, ऑलिंपिकच्या काळात एका खेळाडूस मोठी रक्कम मिळू शकते, असा हिशेबही मांडला. या युक्तिवादातील ‘मिळू शकते’ हे क्रियापद लक्षात ठेवण्याजोगे आहे. सुवर्णपदक जिंकले तर मिळेल, निवड झाली तर मिळेल, दुखापत झाली नाही तर मिळेल. घरभाडे मात्र पदकाची वाट पाहत थांबत नाही.

‘त्या नोकर नाहीत’ हा युक्तिवाद आपल्या कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. आपल्याकडे आशा सेविकेला ‘स्वयंसेविका’ म्हणतात, तिच्या मोबदल्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हणतात, आणि शब्द बदलला की जबाबदारी टळते. काम स्त्रियांचे असले की त्याला सेवा, हौस, देशप्रेम अशी उदात्त नावे चटकन सुचतात. राष्ट्राचा गणवेश घालण्याचा मान मिळाला यातच मोबदला आला, असे त्या खेळाडूंनाही वर्षानुवर्षे ऐकविले जात होते.

महासंघाने मग मालकवर्गाची जुनी रीत अवलंबिली. बदली खेळाडूंची शोधाशोध सुरू झाली. महाविद्यालयीन संघांतील मुली, खेळ सोडून गेलेल्या माजी खेळाडू, अठरा वर्षांखालील संघातील मुली, हौशी मंडळांत खेळणाऱ्या स्त्रिया अशा अनेकींकडे विचारणा झाली. यांपैकी पुष्कळजणींच्या दृष्टीने ही आयुष्यात एकदाच येणारी संधी होती. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला देशाच्या संघात जागतिक स्पर्धा खेळण्याचे निमंत्रण येते, तेव्हा ते नाकारणे किती अवघड असेल याची कल्पना करावी. त्या मुलींनी ते नाकारले. संपावर गेलेल्या खेळाडूंनी हे निव्वळ नशिबावर सोडले नव्हते. त्यांनी आधीच फोनमागून फोन करून, एकेकीला गाठून, आपण काय मागतो आणि त्यात पुढच्या पिढीचा वाटा कोणता, हे समजावून दिले होते. विचारणा झालेल्या कित्येकींनी आपला नकार जाहीरपणे कळविला.

या लढ्याचा निकाल इथे लागला, असे माझे मत आहे. नामांकित खेळाडूंना वृत्तपत्रांत जागा मिळाली. पुरुषांच्या व्यावसायिक हॉकी, बास्केटबॉल, बेसबॉल आणि फुटबॉल खेळाडूंच्या संघटनांनी पाठिंबा जाहीर केला. काही सिनेटरांनी महासंघास पत्र धाडले. या सर्वांचे मोल आहेच. परंतु महासंघाला एक वीसजणींचा संघ जरी उभा करता आला असता, तरी ही सारी सहानुभूती वाऱ्यावर गेली असती. ज्यांचे नाव कोणी छापले नाही, ज्यांना त्या करारातून त्या दिवशी एक डॉलरही मिळणार नव्हता, त्यांच्या नकारामुळे महासंघ वाटाघाटीच्या मेजावर परत आला. आपल्या चळवळीत नेत्याचे भाषण सर्वांच्या स्मरणात राहते आणि रांगेतल्या माणसाने नाकारलेले आमिष कोणाच्या लक्षात राहत नाही. या घटनेने ती विस्मृती थोडी दूर करावी.

२८ मार्च रोजी, स्पर्धेला तीन दिवस उरले असताना, चार वर्षांचा करार झाला. त्यातील सर्व तपशील अधिकृतपणे प्रसिद्ध झाले नाहीत. परंतु वृत्तपत्रांतून आलेल्या माहितीनुसार वर्षभराचे मासिक प्रशिक्षण-मानधन, पुरुष संघाच्या बरोबरीने प्रवास, विमा व भत्ता, आणि मुलींच्या खेळाच्या वाढीसाठी सल्लागार समिती या गोष्टी खेळाडूंच्या पदरात पडल्या. ऑलिंपिक समितीचा वाटा धरता अनेकींचे वार्षिक उत्पन्न सत्तर हजार डॉलरांपर्यंत किंवा त्यापुढे जाईल, असा अंदाज देण्यात आला. ३१ मार्चला हा संघ मैदानात उतरला आणि त्याने कॅनडाला २-० असे हरविले. ७ एप्रिलच्या अंतिम सामन्यात पुन्हा कॅनडाच समोर होता. जादा वेळेत हिलरी नाइटने गोल केला आणि अमेरिका ३-२ अशी विजयी झाली. पुढल्या वर्षी पियाँगचँग येथे वीस वर्षांनंतरचे ऑलिंपिक सुवर्णपदकही त्यांनी मिळविले. संपाने शिस्त बिघडते आणि खेळ मागे पडतो, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम तपासून पाहावा.

आता बाजाराचा आक्षेप. महिलांच्या हॉकीला प्रेक्षक नाहीत, मग पैसा कुठून यायचा, असे विचारले जाते. या स्पर्धेचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. पहिली अधिकृत महिला जागतिक स्पर्धा १९९० साली ओटावा येथे आठ संघांत झाली. तेव्हा लक्ष वेधून घेण्यासाठी यजमान कॅनडाच्या खेळाडूंना गुलाबी पोषाख चढविण्यात आला. खेळावर लोकांचा विश्वास बसेल की नाही, याची शंका खुद्द आयोजकांनाच होती. प्रत्यक्षात अंतिम सामन्याला हजारो प्रेक्षक लोटले आणि कॅनडाने अमेरिकेला ५-२ असे हरविले. ऑलिंपिकचे दार उघडायला मात्र १९९८ चे नागानो उजाडावे लागले. पुरुषांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये १९२० पासून आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षे दार बंद ठेवायचे आणि नंतर ‘तुमच्याकडे गर्दी कमी’ म्हणायचे, हा न्याय नव्हे. शिवाय मुलग्यांच्या कार्यक्रमावर लाखो डॉलर खर्च होत होते, ते काही तिकीट खिडकीवर जमा झालेले नव्हते. ती भविष्यासाठी केलेली गुंतवणूक होती. प्रश्न एवढाच की, कोणाच्या भविष्यासाठी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९९० पासून २०२५ पर्यंत झालेल्या चोवीस जागतिक स्पर्धांपैकी तेरा कॅनडाने आणि अकरा अमेरिकेने जिंकल्या. तिसऱ्या देशाचे नाव त्या यादीत नाही. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकच्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तत्कालीन अध्यक्ष जाक रोग यांनी, इतर देशांनी सुधारणा केली नाही तर हा खेळ असाच चालू ठेवता येणार नाही, असा इशाराही दिला होता. दोन देशांच्या मक्तेदारीवर बोट ठेवणे रास्तच होते. पण त्या मक्तेदारीची शिक्षा कोणाला? इतर देशांतील क्रीडासंघटना मुलींवर खर्च करीत नाहीत म्हणून त्या मुली हरतात, आणि त्या हरतात म्हणून त्यांची स्पर्धाच बंद करा, असे म्हणणे म्हणजे रोग्याला उपाशी ठेवून अशक्तपणाबद्दल त्याला दंड करणे होय.

साधने मिळाली की अंतर कमी होते, हे २०१९ साली एस्पो येथे दिसले. यजमान फिनलंडने उपांत्य सामन्यात कॅनडाला ४-२ असे नमविले आणि अंतिम सामन्यात अमेरिकेला जादा वेळेपर्यंत झुंजविले. फिनलंडचा विजयी वाटलेला गोल पंचांनी अमान्य ठरविला आणि निकाल फटक्यांवर गेला. त्याच स्पर्धेत स्वीडनचा संघ प्रथमच खालच्या श्रेणीत घसरला. त्यानंतर ऑगस्टमध्ये शिबिरासाठी निवडलेल्या स्वीडनच्या ४३ खेळाडूंनी बहिष्कार पुकारला. मोबदला, विमा, प्रवास, इतकेच काय, अंगाला न बसणारे पुरुषी मापाचे कपडे, या त्यांच्या तक्रारी होत्या. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली. दोन वर्षांपूर्वीच्या लढ्यातून अनेक देशांतील खेळाडूंनी धडा घेतला होता, हे यावरून उघड होते.

मात्र विजयाची एक बाजू पाहून समाधान मानू नये. राष्ट्रीय संघाचा करार राष्ट्रीय संघापुरता असतो. एस्पोची स्पर्धा सुरू होण्यापूर्वी काही दिवस, कॅनडातील महिलांची प्रमुख लीग आर्थिक कारणास्तव बंद होत असल्याचे जाहीर झाले. मे २०१९ मध्ये दोनशेहून अधिक खेळाडूंनी, योग्य वेतन व विमा मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतील कोणत्याही व्यावसायिक लीगमध्ये खेळणार नाही, असे ठरविले आणि आपली संघटना स्थापन केली. चार वर्षांहून अधिक काळ त्यांनी तग धरला. १ जानेवारी २०२४ रोजी नवी लीग सुरू झाली, ती सामुदायिक करार आधी आणि पहिला सामना नंतर, या क्रमाने. २०३१ पर्यंतच्या त्या करारात किमान वेतनही ठरले आहे. ही लीग एकाच धनाढ्य गटाच्या मालकीची आहे, हे विसरता येत नाही. मालक एक असल्यावर खेळाडूला दुसरे दार उरत नाही. म्हणूनच तो करार आणि ती संघटना या तेथील खेळाडूंच्या खऱ्या संरक्षक भिंती आहेत, आणि मालकाच्या सद्भावनेवर विसंबून त्यांची डागडुजी थांबविणे धोक्याचे ठरेल.

हा विषय आपल्या देशापासूनही फार दूर नाही. भारताच्या महिला आइस हॉकी संघात प्रामुख्याने लडाखच्या मुली आहेत. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर त्या खेळ शिकल्या. २०१६ साली हा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तैपेईला गेला तो लोकवर्गणीच्या आधाराने. पुढच्या वर्षी बँकॉकमध्ये त्यांनी फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळविला आणि २०२५ साली आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक आणले. लोकवर्गणीचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. आपली कितीतरी कामे तिच्यावर उभी आहेत. परंतु देशाचा संघ म्हणविणाऱ्या मुलींनी विमानभाड्यासाठी झोळी पसरावी आणि पदक आल्यावर अभिनंदनाचा मान शासनाने घ्यावा, ही वाटणी मान्य करता येणार नाही. प्लिमथच्या खेळाडू वेतनवाढीसाठी लढल्या. लडाखच्या मुलींना अजून कायम बर्फाच्या मैदानासाठी झगडावे लागते. पायऱ्या वेगळ्या असल्या तरी जिना एकच आहे.

कार्यकर्त्यांनी या घटनेतून एक गोष्ट उचलावी. असंघटित स्त्रियांमध्ये काम करताना आपण बहुधा पुढे असलेल्या चार जणींना तयार करतो आणि मोर्चाच्या दिवशी बाकीच्यांना बोलावतो. त्या खेळाडूंनी उलट क्रम धरला. ज्यांना उद्या आपल्या जागी उभे केले जाईल त्यांना त्यांनी सर्वांत आधी गाठले, त्यांच्याशी बोलल्या, त्यांचे हित मागण्यांत गोवले, आणि मगच निवेदन प्रसिद्ध केले. आपल्या पुढल्या लढ्याची तारीख ठरविण्यापूर्वी, बदलीला कोणाला बोलावले जाईल याची यादी आपल्या हाती असली पाहिजे, आणि त्या यादीतील प्रत्येकीच्या घरी आपण एकदा तरी जाऊन आलेले असलो पाहिजे.