टायर रुंद, पण रिमचे काय?

नवी गाडी दारात आली की घरात हौसेला भरते येते. सीट कव्हर झाले, टेप झाला, की लक्ष जाते चाकांकडे. ‘रुंद टायर टाका, गाडी रस्त्याला चिकटून धावेल,’ असे सांगणारा कोणीतरी भेटतोच. हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेले अर्धे रिमवर अवलंबून असते.

हरियाणातील मानेसरच्या मारुती कारखान्यात तयार झालेल्या, २०११ च्या स्विफ्टचेच उदाहरण घ्या. साध्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर होते, तर महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५. यातील पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो, बाजूच्या भिंतीची उंची या रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा आकडा रिमच्या व्यासाचा, इंचांत. हिशेब केला तर दोन्ही चाकांची उंची सारखीच, सुमारे ६२ सेंटिमीटर भरते. म्हणजे कंपनीने टायर रुंद केला, तो रिम बदलून आणि चाकाची उंची सांभाळून.

हौसेच्या खरेदीत नेमके हेच राहून जाते. १८५/६५ आर १५ टायरला ५ ते ६.५ इंच रुंदीची रिम चालते. २०५/६५ आर १५ ला मात्र किमान ५.५ इंच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला, तर त्याच्या बाजू फुगतात. वळणावर तो डुलतो आणि स्टिअरिंगला उशिरा दाद देतो. उलट, रिम फार रुंद असेल, तर टायर ताणला जातो. खड्ड्यात रिमला मार बसतो आणि हवा कमी असल्यास टायर रिमवरून निसटण्याचा धोका असतो. शिवाय चाकाची उंची वाढली, की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, हेही पावसाळ्यात विसरू नये.

म्हणून टायर बदलण्यापूर्वी रिमवर कोरलेली रुंदी वाचा. ‘५.५ जे’ म्हणजे साडेपाच इंच. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापांपैकीच निवड करा. हवा टायर थंड असताना, दारालगतच्या तक्त्याप्रमाणे भरा.

मानेसरची ‘आयकॅट’ किंवा पुण्याची ‘एआरएआय’ यांसारख्या संस्थांत नव्या मॉडेलची चाचणी होते, ती कंपनीच्या चाकांसह. दुकानात जुळवलेल्या जोडीची परीक्षा होते थेट घाटातल्या वळणावर, आणि तेव्हा मागच्या सीटवर मुले बसलेली असतात.