दोन सुया आणि एक आरी

ईदच्या चौथ्या दिवशी आमची भाची एक डबा काखेत मारून आली आणि काही न बोलता आमच्यापुढे उघडून बसली. ईदीचे आणि शिकवण्यांतून साठवलेले मिळून १६०० रुपये घालून तिने चामडे शिवण्याच्या हत्यारांचा संच घरपोच मागवला होता. एकूण ३४ नग. कॉलेजच्या फीचा दुसरा हप्ता जवळ आलेला. त्याआधी कुरआनसाठी चामडी जुजदाने आणि पुरुषांची पाकिटे शिवून विकायची, असा तिचा हिशेब. पहिल्याच पाकिटाला छिद्रे पाडताना दातेरी छिन्नीचे दोन दात वाकले, सुईने दोरा चिरला, आणि उघडलेला माल परत घेत नाही, असे विक्रेत्याने कळवले.

आम्ही चादर अंथरून सगळे नग मांडले. निम्म्याहून जास्त नक्षीचे ठसे आणि खोबणी कोरण्याच्या सळया. शिवणीशी त्यांचा संबंध नाही. कामाचे निघाले जेमतेम सहा. असे संच अनेक घरांत येत असतील, म्हणून या महिन्यात हाच विषय घेतला आहे.

आधी शिवण समजून घ्यावी, मग हत्याराची निवड सोपी जाते. शिलाई मशीनवर वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक झिजून तुटला की पुढची शिवण सैल पडत जाते. हातशिवणीत दोरा एकच, त्याच्या दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एका जागी दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा चामडे धरून ठेवतो. घोड्याचे खोगीर याच शिवणीने शिवतात. फूटपाथवर बसणारे चर्मकार बांधव टोकाला खाच असलेली आरी वापरतात आणि दोरा त्या खाचेत अडकवून खेचून घेतात. ते काम वेगाचे, पण त्याला मुरलेला हात लागतो. नवशिक्याने दोन सुयांचीच शिवण धरावी.

सुया टोकाला बोथट हव्यात. आश्चर्य वाटेल, पण छिद्र आधीच पाडलेले असते, सुईने फक्त दोरा वाहून न्यायचा असतो. अणकुचीदार सुई छिद्रात आधीच असलेल्या दोऱ्यात घुसते, तो चिरते, आणि मग शिवण आवळता येत नाही. भाचीचे हेच झाले होते. बोथट सुया मिळाल्या नाहीत तर मजबूत सुईचे टोक पॉलिश पेपरवर घासून गोल करावे. पोती शिवायचा दाभण मात्र नको, छिद्र फाकते.

दोरा मेण लावलेला पॉलिस्टरचा घ्यावा. पाकिटाला ०.६ मिलिमीटर, पिशवीला ०.८. मशीनचे सुती रीळ पैसे वाचवते आणि सहा महिन्यांत गिऱ्हाईक घालवते. जवसाचा दोरा आणि मधमाशांचे मेण मिळाले तर उत्तमच. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा तोडावा, वर वीतभर जास्त. मध्येच दोरा संपला तर जोड दिसतो.

आता आरी. पैसे खर्च करायचे असतील तर इथे करावेत. संचात आला होता तो गोल टोचा. गोल टोचा चामडे बाजूला सारतो, छिद्र गोल राहते आणि शिवणीनंतरही डोळ्यासारखे उघडे दिसते. खऱ्या आरीचे पाते आडवे कापले तर शंकरपाळ्यासारखे दिसते. तिने पडलेली तिरकी चीर दोऱ्याभोवती मिटून येते आणि टाके छान तिरपे बसतात. मूठ तळहातात भरेल अशी हवी. पाते लांब नको, लांब पाते हातात डुलते आणि मागच्या बाजूची छिद्रे रेघ सोडतात. दुकानातली नवी आरी बहुधा धार न लावलेलीच असते. १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर चारही बाजू सारख्या घासाव्यात, मग चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशची पेस्ट लावून वीस-पंचवीस वेळा ओढावी. चामड्याचे दोन थर एकावर एक ठेवून आरी टोचावी; जोर लावताना दात-ओठ खावे लागले तर परत घासावी. बोथट आरी निसटते ती सरळ डाव्या हातात. काम झाले की टोकाला बुचाचा तुकडा खोचावा. घरात रांगते मूल असेल तर हे विसरून चालणार नाही.

दातेरी छिन्नी ही छिद्रांचे अंतर सारखे राहावे म्हणून. सुरुवातीला ४ मिलिमीटर अंतराच्या दोनच घ्याव्यात, एक चार दातांची आणि एक दोन दातांची. दोन दातांची वळणावर लागते. पुढचा घाव घालताना पहिला दात मागच्या शेवटच्या छिद्रात ठेवायचा, म्हणजे अंतर चुकत नाही. घेताना छिन्नी काचेवर उभी धरून पाहावी. सगळे दात एकाच वेळी टेकले पाहिजेत. ठोकायला लाकडी मोगरी घ्यावी, लोखंडी हातोडीने छिन्नीचे डोके पसरते. खाली जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवावा. इमारतीत राहणाऱ्यांनी इशानंतर ठोकाठोक करू नये, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचाही हक्क आहे.

कापायला साधा कटर आणि स्टीलची पट्टी पुरे. रापी हात बसल्यावर घ्यावी. चामडे धरायला लाकडी चिमटा लागतो, तो मांड्यांमध्ये धरतात. सुतार उरलेल्या फळ्यांतून करून देतो.

एक गोष्ट मुस्लिम घरात वेगळी पाहावी लागते. कमावलेले कातडे पाक होते, पण डुकराच्या कातड्याला ही सवलत नाही, आणि अस्तराला ते बरेच वापरले जाते. त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या त्रिकोणी पुंजक्यांत दिसतात. वर रंगाचा थर असेल तर दिसत नाहीत. तिथे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. जुन्या काळी चामडे शिवताना सुईऐवजी दोऱ्याच्या टोकाला डुकराचा राठ केस बांधत. हनफी फिकहच्या ‘हिदाया’ या ग्रंथात त्याची चर्चा आहे: अशा केसांची विक्री नाजायज, तरी त्यावाचून शिवण होत नसल्याने गरजेपुरता वापर चालवून घेतला. आज पोलादी सुई असताना ती गरजच उरलेली नाही. पण गोंद आणि रंग लावायच्या ब्रशात हे केस अजून असतात. ब्रश नायलॉनचाच घ्यावा.

हे सगळे चालले असताना भाचीची दादी दारात उभी होती. “मोच्याचं काम आपल्या घरात?” एवढेच बोलून ती आत गेली. आम्ही तेव्हा गप्प बसलो, वडीलधाऱ्या आहेत. रात्री जेवताना मात्र विषय काढला. प्रेषित (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे. आणि उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) कातडी कमावत, शिवत आणि त्याची मिळकत सदका करीत. जे काम त्या घराला चालले ते आपल्याला का हलके वाटावे, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते केले त्यांच्याकडे आपण कोणत्या तोंडाने खाली पाहायचे? दादींनी उत्तर दिले नाही. पापड मागितला.

भाचीने आठवडाभर नुसत्या कतरणींवर टाके घातले. मग वाकलेल्या छिन्नीच्या जागी दोन नव्या छिन्न्या आणि एक चांगली आरी घेतली. त्यासाठी पुन्हा शिकवणीचे पैसे गेले, हे सांगायलाच हवे. आतापर्यंत तीन जुजदाने झाली आहेत. दोन विकली गेली. पहिल्याची शिवण वाकडी होती, ते दादींनी आपल्या कुरआनला घातले आणि पैसे विचारले नाहीत. फीच्या हप्त्याला अजून बरेच कमी पडतात. आरीची धार गेली म्हणून ती काल इथे ठेवून गेली आहे, जुम्मा झाला की घासायला बसायचे आहे.