घड्याळ नको, पट्टा घ्या

भारतात जायचं तिकीट काढलं, की फर्माइशी सुरू होतात. पूर्वी कॅमेरा, परफ्यूम, बदाम असं काहीतरी असायचं. हल्ली यादीत पहिला नंबर असतो तो हृदयाचे ठोके मोजणार्‍या घड्याळाचा. "दादा, येताना ते हार्ट रेटवालं घड्याळ आण ना. सायकल सुरू केलीय मी!" हा माझा पुण्याचा मामेभाऊ. वय ४६. पोट किती पुढे आलंय ते मी व्हिडिओ कॉलवर पाहतोच.

या मागणीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक म्हणजे व्यायाम नीट करायची इच्छा, आणि दुसरी, शुद्ध भीती. ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्नड नट पुनीत राजकुमार ४६ व्या वर्षी गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये राजू श्रीवास्तव दिल्लीच्या जिममध्ये कोसळला आणि पुढच्या महिन्यात गेला. भीती अनाठायी नाहीच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं होतं, आणि बाकीच्या जगात जवळजवळ ५९. म्हणजे सहा वर्षं आपण आधीच रांगेत!

पण मंडळी, या भीतीवर घड्याळ हा उपाय नाही. काही घड्याळं ईसीजी काढतात, ठोक्यांची लय बिघडली तर सांगतात, ते उपयोगाचं आहे. पण हार्ट अटॅक त्यांना ओळखता येत नाही. अ‍ॅपल कंपनी स्वतःच तसं लिहून देते. रक्तवाहिनी ७० टक्के बंद असली, तरी ठोके ७२ च दिसू शकतात. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, नेहमीच्या चढावर अचानक दम लागणं, यातलं काही झालं तर सायकल थांबवून सरळ हॉस्पिटल गाठायचं, मनगटावरचा आकडा कितीही गोंडस असो. आणि चाळिशीनंतर नव्याने व्यायाम सुरू करताय तर आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून डॉक्टरांशी बोला. भारतात हे इथल्यापेक्षा फार स्वस्तात आणि लवकर होतं. मला इथे साधी अपॉइंटमेंट मिळायला तीन आठवडे लागतात. असो.

आता व्यायामाकडे येऊ. माझं मत स्पष्ट आहे: सायकलवर ठोके मोजायचे असतील तर छातीला बांधायचा पट्टा घ्या.

आपल्याला वाटतं मनगट म्हणजे नाडीची जागा, वैद्य तिथेच तर बोटं ठेवतो. पण वैद्य बोटं ठेवतो ती अंगठ्याच्या खाली, आतल्या बाजूला, धमनीवर. घड्याळ बसतं उलट्या बाजूला. तिथे ते हिरवा प्रकाश कातडीत सोडतं, परत किती आला ते मोजतं, आणि त्यातल्या चढउतारावरून ठोक्यांचा अंदाज बांधतं. स्वस्थ बसलेल्या माणसात हा अंदाज छान जमतो. सायकलवर मात्र मनगट वाकलेलं, मूठ आवळलेली, रस्त्याचे धक्के हॅन्डलमधून थेट हातात, आणि थंडी असेल तर कातडीतलं रक्त आधीच आत पळालेलं. पट्टा हृदयाचे विजेचे संकेतच पकडतो, म्हणजे ईसीजीचीच धाकटी बहीण. २०१६ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ५० निरोगी माणसांवर पट्टा आणि मनगटी यंत्रं ईसीजीशी ताडून पाहिली. पट्टा ईसीजीशी जवळजवळ तंतोतंत जुळला, मनगटी यंत्रं त्याच्या मागे, आणि त्यांच्यातही आपसात बराच फरक. त्यानंतर घड्याळं सुधारली आहेत, पण हॅन्डलचे धक्के आहेत तिथेच आहेत.

इथे सिलिकॉन व्हॅलीत ओल्ड ला होंडा नावाचा चढ आहे, साधारण सव्वापाच किलोमीटर आणि ४०० मीटरच्या आसपास उंची. त्या चढावर पट्टा १६५ दाखवत असताना माझं घड्याळ (कंपनीचं नाव राहू दे) मला शांतपणे ११८ सांगत होतं. तोंडाने श्वास घेत, जीभ बाहेर काढलेल्या माणसाला ११८!

पट्टा घेताना कंपनीपेक्षा दोन-तीन साध्या गोष्टी बघा. छातीवर बसणारी डबी कापडी पट्ट्यापासून सुटी होणारी हवी, म्हणजे पट्टा सैल झाला की तेवढाच नवा घेता येतो. सेल नाण्याएवढा, आपल्याला बदलता येणारा, कोपर्‍यावरच्या दुकानात मिळणारा हवा. ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही असलं, तर फोन आणि सायकलचा कॉम्प्युटर दोघांनाही चालतं. मी फिनलंडच्या पोलरचा एच-१० वापरतो. ही मंडळी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून बिनतारी पट्टे बनवताहेत. तो सुमारे शंभर डॉलरला पडतो, पण निम्म्या किमतीतही चांगले मिळतात. छातीला काही बांधणं अगदीच नको असेल, तर दंडावर बांधायचा प्रकाशवाला पट्टा हा मधला मार्ग. मनगटापेक्षा दंड पुष्कळ स्थिर असतो.

बांधण्याआधी आतल्या बाजूचे पॅड पाण्याने ओले करा. कोरडे राहिले तर पहिली दहा मिनिटं २१० वगैरे आकडे दिसतात आणि उगाच घाबरायला होतं. मुंबईच्या घामात हा प्रश्न फारसा येणार नाही, तिथे प्रश्न गंजाचा. घरी आल्यावर डबी काढून ठेवा, पट्टा धुवा. ओल्या पट्ट्यावर डबी तशीच राहिली तर ती चालूच राहते आणि सेल खाते.

आता आकडा तर बरोबर आला, पण त्याचं करायचं काय? बहुतेक अ‍ॅप २२० वजा वय हे सूत्र लावून तुमचे कमाल ठोके ठरवतात. हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स, हॅस्केल वगैरे मंडळींनी इकडून तिकडून जमवलेल्या आकड्यांतून काढलेली ढोबळ रेघ आहे. खर्‍या माणसात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. २००१ मधलं तानाकाचं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट. साठीच्या माणसाला पहिलं १६० सांगतं, दुसरं १६६. दोन्ही सरासरीची सूत्रं, तुमची नव्हेत. सिंहगडाच्या चढावर पूर्ण वाक्य बोलता येतंय का, हे त्याहून बरं माप आहे.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर दोन्ही सूत्रं विसरा. या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत. छाती फुटेस्तोवर पॅडल मारलं तरी आकडा १२० च्या आसपास अडकू शकतो, आणि अ‍ॅप म्हणतं, "अजून जोर लावा!" अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी चालू असतानाच ट्रेडमिलची चाचणी करून घ्यावी, किती ठोक्यांपर्यंत जायचं हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं आणि अ‍ॅपमध्ये २२० खोडून तो आकडा भरावा.