सुरुंगाचा दोष कोणाच्या माथी?

खाणीत सुरुंगाने माणूस दगावला की त्याच्याच हलगर्जीपणाकडे बोट दाखवावे, आणि पूर्वीची भयंकर दारू आता इतिहासजमा झाल्याने असे प्रसंग अपवादात्मकच समजावेत असे सांगून मोकळे व्हावे, हा युक्तिवाद करणारे पुष्कळ आहेत; त्यातील दोन्ही विधाने मला सर्वस्वी अमान्य आहेत.

एकोणिसाव्या शतकात, म्हणजे वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याची कोळसाखाण सुरू झाली आणि आजचा यवतमाळ जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई त्या काळात, खाणकामगाराची भिस्त काळ्या दारूवर आणि बिकफर्ड या इंग्रजाने १८३१ साली काढलेल्या सुरुंगाच्या वातीवर असे. ओलावलेली वात विझल्यासारखी भासते, पण आत धुमसत राहते; सुरुंग फुकट गेला असे समजून मजूर पहारीने ठासण उकरू लागतो, आणि नेमका त्याच क्षणी सुरुंग उडतो. वातीचा सुरुंग न उडाल्यास अर्धा तास तिकडे फिरकू नये, ठासण्याची काठी लाकडाचीच असावी, हे नियम अशाच अनुभवांतून आले. परंतु ज्याची मजुरी कोळशाने भरलेल्या डब्यांवर मोजली जाई, त्याने तो अर्धा तास कोणाच्या खर्चाने थांबावे? ज्या थांबण्याचा मोबदला नाही, त्याची सक्ती कागदावरच राहते. मग हलगर्जी कोण, मजूर की मोजणारा? आणि केवळ जाणकारीनेही अपघात टळत नाही: नायट्रोग्लिसरीनचा जाणकार असलेल्या आल्फ्रेड नोबेलच्या कारखान्यातही १८६४ साली स्फोट होऊन त्याचा सख्खा भाऊ एमिल गेला.

आजची इमल्शन स्फोटके धक्क्याने सहजी उडत नाहीत, हे निःसंशय खरे. पण त्यांना पेटविणारा डिटोनेटर आजही नाजूकच आहे, आणि उडालेला दगड व जमिनीचा हादरा यांना दारूच्या सौम्यपणाशी कर्तव्य नसते. वणी तालुक्यातील उकणी, निलजई यांसारख्या उघड्या खाणींच्या आसपास माणसे राहतात. अशा वस्त्यांचा विचार करूनच धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली खाणीबाहेरच्या साध्या घरांसाठी, कमी वारंवारितेच्या हादऱ्यास, सेकंदाला ५ मिलिमीटरची मर्यादा घातली.

माझे म्हणणे एवढेच की सुरुंग थांबविण्याचा अधिकार शॉटफायररकडे, म्हणजे सुरुंग उडविणाऱ्या कामगाराकडे, असावा आणि तो उत्पादनाच्या आकड्याला बांधलेला नसावा. थांबलेल्या वेळेची पूर्ण मजुरी मिळावी. आणि हादऱ्याची प्रत्येक नोंद मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. वणी तालुक्यातील ग्रामसभांनी या तीन मागण्यांचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर दाखल करावा.