मावशीने नाव घ्यावे

शिमग्याच्या पालख्या सहाणेवर आल्या की दापोली तालुक्यातल्या वाड्यावाड्यांत नमनाचा खेळ उभा राहतो. मृदंग घुमतो, गण होतो, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो आणि दाण मागतो. तेव्हा पुढे सरसावते ती मावशी. लुगडे नेसलेला पुरुष, कमरेवर हात आणि कोणाची भीडमुर्वत न ठेवणारी जीभ. एका वाडीतल्या नमनात आम्ही ऐकलेली मावशी कृष्णाला म्हणाली, "दाण कसलं मागतंस रे? निवडणूक आली की तूच आमाला पाकीट देतंस, नि मग पाच वरसं वसूल करतंस!" अंगणात दाटीवाटीने बसलेली माणसे खदखदून हसली. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावला. पाकीट कोणी वाटले, कोणी घेतले, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

मावशीने नाव मात्र घेतले नाही. तिच्या मागे, पडद्याच्या वर, मंडप आणि दिव्यांचा खर्च उचलणाऱ्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा फ्लेक्सवर झळकत होता. खेळ संपल्यावर रंग पुसत बसलेल्या त्या कलाकाराला आम्ही विचारले, तेव्हा तो सरळ म्हणाला, "ज्यांनी मंडप दिलान, त्यांचं नाव कसं घेवचं?"

या एका वाक्यात आजच्या निवडणुकीच्या राजकारणाचे दुखणे आहे. पैसा मत विकत घेतो, हे कोणाला नवे राहिलेले नाही. तोच पैसा आता गावाचे हसूही विकत घेऊ लागला आहे, आणि आमच्या मते हे अधिक घातक आहे. मत पाच वर्षांतून एकदा विकले जाते. हसू विकले गेले की मधल्या काळात बोलायलाही कोणी उरत नाही.

पैशाची बाजू आधी पाहू. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात 40 लाख रुपये खर्च करता येतात, लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख. नगरपंचायतीच्या थेट नगराध्यक्षपदासाठी ही मर्यादा 6 लाख आहे आणि सदस्यासाठी सव्वादोन लाख. उमेदवार जे हिशेब दाखल करतात, ते बहुतेक या रेषेच्या आतच असतात. रेषेबाहेर काय चालते, त्याची चुणूक जप्तीच्या आकड्यांतून मिळते. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या आधीच राज्यात रोकड, दारू, अमली पदार्थ, सोने-चांदी आणि वाटपाच्या वस्तू मिळून सुमारे 660 कोटी रुपयांचा ऐवज पकडल्याचे निवडणूक आयोगाने जाहीर केले. 2019 च्या निवडणुकीत हा आकडा सुमारे 104 कोटी होता. त्यातला सगळाच ऐवज मतदारांसाठी निघाला होता असे नाही. तरी पाच वर्षांत सहापट ही वाढ डोळे उघडणारी आहे. आणि ही केवळ सापडलेल्या मालाची मोजदाद!

हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तो उघड्या किनाऱ्यावर. टोपली सगळ्यांसमोर, बोली सगळ्यांच्या कानांवर. कोणी किती भाव दिला हे दहा माणसे सांगू शकतात. मताचा लिलाव दाराआड होतो. कधी तो इतका निर्ढावतो की दाराचीही गरज उरत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली दोन कोटींवर गेली, पैसा गावच्या मंदिरासाठी असल्याचे सांगितले गेले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये उमराणेची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली. देवाचे नाव पुढे केले म्हणून लिलाव पवित्र होत नाही. ज्याला दोन कोटींची बोली लावता येत नाही, त्याचा सरपंच होण्याचा हक्क त्या बोलीने काढून घेतला होता.

एकाच खुर्चीसाठी निवडणूक असते तेव्हा पैशाचे काम सोपे होते. नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडायचा, तेव्हा पैसा मोजक्या नगरसेवकांभोवती फिरत असे. त्यांना सहलीला नेऊन हॉटेलांत डांबण्याचे प्रकार राज्याने पाहिले आहेत. नगराध्यक्ष जनतेतून निवडायचा झाला की तोच पैसा घराघरांत शिरतो. पद्धत बदलली, पैशाने फक्त वाट बदलली. थेट निवडणुकीला आमचा विरोध नाही. गावाचा प्रमुख गावाने निवडावा हे रास्तच आहे. पण सतरा प्रभागांच्या लहानशा शहरात काहीशे मतांनी निकाल फिरतो, आणि काहीशे मतांची किंमत कोणीही बोटांवर मोजू शकतो, याचे भान मतदारानेच ठेवले पाहिजे.

आता हसण्याची बाजू. निवडणुकीतली सगळीच थट्टा लोकांच्या बाजूची नसते, हे आधी मान्य करू. देशाच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीतले उदाहरण बोलके आहे. 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या झुंजीमुळे लक्षात राहिली. तिसऱ्या क्रमांकावर होते ते आपल्या शेजारच्या महाडजवळ जन्मलेले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1952 चे कुलाब्याचे खासदार आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे गृहस्थ. त्या निवडणुकीत रेड्डी यांची बदनामी करणारे एक निनावी पत्रक खासदारांमध्ये फिरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि खुद्द राष्ट्रपती गिरी यांनी न्यायालयात येऊन साक्ष दिली. 1970 मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. पण देशमुखांसारख्या माणसाने लढवलेल्या निवडणुकीची चर्चा एका घाणेरड्या कागदाभोवती फिरावी, ही खंत उरतेच.

ज्या कागदावर लिहिणाऱ्याचे नाव नाही, तो विनोद नव्हे; ती चहाडी. आमच्या मतदारसंघालाही नावाच्या खेळाचा अनुभव आहे. दापोली रायगड लोकसभा मतदारसंघात येते. 2014 मध्ये इथे सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली. त्यातली किती चुकून पडली, हे मतदान यंत्र सांगत नाही. कोणाचा पक्ष कोणता हे बाजूला ठेवू. ज्या मतदाराचे उन्हात रांगेत उभे राहून एका माणसासाठी दाबलेले बटण दुसऱ्याच्या खात्यात गेले असेल, त्याची थट्टा झाली.

खरी थट्टा कशी असते, हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांनी 15 नोव्हेंबर 1956 रोजी दैनिक 'मराठा' सुरू केले. समोर सत्ता होती, तिजोऱ्या होत्या. इकडे अत्र्यांची लेखणी आणि मैदान गदागदा हलवणारा विनोद, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचा डफ, आणि स्वतःची भाकरी बांधून सभेला येणारी माणसे. 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने आणि कोकणाने सत्ताधाऱ्यांना जो हिसका दिला, त्यात या हसण्याचा वाटा मोठा होता. अत्र्यांची जीभ कधी कधी घसरली, हेही खरे. पण ते जे बोलले ते स्वतःच्या नावाने, छापून आणि हजारोंच्या समोर उभे राहून. उत्तर द्यायला समोरच्याला चेहरा होता.

आज त्या उघडेपणाची किंमत मोजावी लागते. मार्च 2025 मध्ये विनोदवीर कुणाल कामरा यांनी एकनाथ शिंदे यांच्यावर केलेल्या विडंबनगीतावरून, तो कार्यक्रम झालेला मुंबईतला खारचा स्टुडिओ शिवसैनिकांनी फोडला. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचा हातोडाही तिथे पोचला. गाणे आवडणे न आवडणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. न आवडलेल्या गाण्याला उत्तर गाण्याने, भाषणाने, फार तर न्यायालयात द्यावे. ज्या पक्षाची बीजे 1960 साली सुरू झालेल्या 'मार्मिक'च्या व्यंगचित्रांत आहेत, त्याच्या कार्यकर्त्यांना हे वेगळे सांगावे लागू नये. दुसरीकडे, मोबाइलवर दिवसभर फिरणाऱ्या निनावी चित्रफिती आणि टिंगलीच्या चित्रांना कोणी हात लावत नाही. ती बनवणारे बरेचदा पगारी असतात, खर्च कोणाच्या हिशेबात दिसत नाही आणि खाली कोणाचे नाव नसते. नाव घेऊन हसवणारा मार खातो आणि नाव लपवून हसवणारा पगार घेतो, अशी ही उलटी रीत आहे.

मग व्यंगाने पैशाला आळा बसतो का? अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2010 मध्ये कंपन्यांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरची बंधने उठवली. स्टीफन कोल्बेअर या विनोदी कार्यक्रमाच्या सूत्रधाराने 2011 मध्ये स्वतःच एक प्रचारनिधी समिती काढली, तिथल्या निवडणूक आयोगाची रीतसर परवानगी घेतली आणि लोकांकडून दहा लाख डॉलरहून अधिक जमवले. अध्यक्षपदाच्या स्पर्धेत उतरण्याची घोषणा करताना त्याने ती समिती दूरचित्रवाणीवर सर्वांसमक्ष आपल्या मित्राच्या हवाली केली. उमेदवार आणि समिती यांनी संगनमत करायचे नाही, हा नियम किती पोकळ आहे, ते त्या एका प्रसंगाने घरोघर समजले. कायद्याची जाडजूड पुस्तके जे करू शकली नाहीत ते त्याने केले. पण पैसा थांबला नाही. 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत एकट्या इलॉन मस्क यांनी 25 कोटी डॉलरहून अधिक ओतले, आणि त्यांच्या समितीने अर्जावर सही करणाऱ्या मतदारांतून रोज एकाला दहा लाख डॉलर दिले. आमच्याकडच्या पाकिटाचाच हा थोरला भाऊ.

आम्ही यातून एक धडा घेतो. हसण्याने कळते, पण कळल्यावर वळायला हिशेब लागतो. आकड्यांशिवायची थट्टा दोन घटका करमणूक करून विरून जाते, आणि नुसते आकडे कोणी वाचत नाही. दोन्ही एकत्र आले की पुढाऱ्याला घाम फुटतो. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावे बाहेर आली. त्याआधीही लोक त्या रोख्यांवर बोलत होतेच. नावे हाती आल्यावर त्या बोलण्याला धार आली.

वर्तमानपत्रांनीही इथे आपला चेहरा आरशात पाहिला पाहिजे. 2009 च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याच्या तक्रारींत महाराष्ट्राचे नाव ठळक होते, आणि प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल तयार करावा लागला. मावशीच्या मागे ज्याचा फ्लेक्स, त्याचे नाव ती घेत नाही, म्हणून तिला बोल लावताना आमच्या पहिल्या पानावरची जाहिरात कोणाची आहे, हेही आम्हाला विचारायला हवे. तो प्रश्न वाचकांनी आम्हाला जरूर विचारावा.

उपाय आपल्या आवाक्यातले आहेत. लोकसभा आणि विधानसभेच्या निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. निवडणूक नियमांप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणीही नागरिक तो पाहू शकतो आणि ठरलेले शुल्क देऊन त्याची प्रत घेऊ शकतो. एक रुपया! प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी रत्नागिरीला जाऊन विधानसभेचा हा हिशेब पाहावा. आपल्या गावात झालेल्या जेवणावळी, गाड्या, मुंबईहून चाकरमान्यांना आणणाऱ्या बसगाड्या आणि क्रिकेटच्या स्पर्धा त्यात कुठे आहेत का, ते शोधावे. पाकीट देणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही. भारतीय न्याय संहितेत त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. गरिबाने घेतलेल्या पाचशे रुपयांवर आम्ही पांडित्य सांगणार नाही. त्याच्या घरची चूल आम्ही चालवत नाही. पण त्या पाचशेला पाच वर्षांच्या दिवसांनी भागले तर दिवसाला तीस पैसेही पडत नाहीत. एवढ्यात आपला रस्ता, दवाखाना आणि पोराची शाळा गेली, हे त्याला सांगणे आमचे काम आहे.

आणि मावशीसाठी एक विनंती वाडीला. खेळ्यांचा मंडप, दिवे आणि मृदंगावरची शाई यांना लागणारा पैसा फार मोठा नसतो. पूर्वी तो घरटी वर्गणीतून उभा राहायचा. मुंबईची मंडळे आजही गावच्या देवळासाठी लाखांनी जमवतात. नमनाची वर्गणीही तशीच निघाली, तर पडद्यावर कोणाचा चेहरा लावावा लागणार नाही. मग पुढच्या शिमग्यात मावशी हातात शुल्क भरून मिळवलेली हिशेबाची प्रत घेऊन गवळणीत उभी राहील. कृष्णाने दाण मागितले की ती कागद उघडून आकडे वाचेल, आणि या वेळी ती नाव घेईल.